घरचाच बोकड

माझा स्वभाव संशयी आहे, हे दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी मीच सांगून टाकते. कारण नसताना कुणी गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते. किराणावाल्यानं तराजूत चार दाणे जास्त टाकले तरी मी विचारते, आज काय विशेष? मालक एसटीच्या डेपोत कारकून होते. ते म्हणायचे, "तू तिकीट तपासायला पाहिजे होतीस, एक फुकट्या सुटला नसता." मी म्हणायचे, "तुम्ही कारल्याचा डबा रोज रिकामा आणता, मला त्याचाच संशय आहे." असं आमचं चालायचं.

तर त्या सकाळी शेळ्यांच्या वाडग्यात तिसरं करडू मेलेलं सापडलं, तेव्हा मी करडाकडं नीट बघितलंसुद्धा नाही. मी आधी भिंतीकडं बघितलं. भिंतीपलीकडं माझी धाकटी जाऊ राहायची.

आमची वाडी तेर गावाच्या जवळ, नदीच्या अंगाला. शेती बेताची, पण घराचं नाव होतं ते शेरडांमुळं. काळीभोर, तेल चोपडल्यासारखी चकचकीत, आणि दोन्ही कानांवर पांढरे शिंतोडे. बाजारात लोक लांबून बोट दाखवायचे, ती बघा त्या घरची. आमच्या शेळीला एका वेळी दोन करडं ठरलेली, कधी तीनसुद्धा. नर करडू विकायला काढलं की गिऱ्हाईक घरी येऊन थांबायचं. सगळ्या तालुक्यात आमच्या घरचे बोकड गेले. मला त्याचा लई अभिमान होता, आणि तो मी लपवत नव्हते.

हे सगळं उभं केलं माझ्या सासूनं. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. माझं लग्न व्हायच्या आधी या भागात शेरडांची मरी आली होती. एवढ्या मोठ्या कळपातल्या फक्त पाच शेळ्या आणि एक बोकड उरला. आत्या ती सहा जनावरं घेऊन रानातल्या कोपीत जाऊन राहिली. दोन महिने तिनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही, आत्याच्या नवऱ्यालासुद्धा भाकरी बांधावर ठेवून परत जावं लागायचं. त्या पाच शेळ्यांपासून पुन्हा कळप झाला.

त्या मरीनंतर आत्यानं घराला एक रीत लावून दिली. खंडेनवमीला वर्षातलं सगळ्यात देखणं नर करडू निवडायचं. पाठीवरून हात फिरवून, पाय चाचपून, दात बघून. मग त्याच्या कपाळाला हळद लावायची आणि तुळजापूरच्या आईच्या नावानं त्याला ठेवायचं. तो कापायचा नाही, विकायचा नाही. तो वाडग्याचा धनी. सगळ्या शेळ्या त्याच्याच. तो थकला की त्याच्याच लेकरांतला एक. आणि बाहेरचा बोकड कितीही राजबिंडा असला तरी फाटकाच्या आत घ्यायचा नाही. "बाहेरनं आलं की रोग येतो," आत्या म्हणायची. सुना करतानाही तिचा हाच हिशेब. थोरल्याला भावाची पोरगी केली, ती मी. धाकट्यालाही माझी धाकटी बहीण बघून ठेवली होती.

पण दीर ऐकणारा नव्हता. त्यानं माकणीकडची पोरगी स्वतः पसंत केली. लोहारा तालुक्यात, धरणाजवळ. ना नात्याची, ना गोत्याची. आमच्या घरात बाहेरून आलेली ती पहिली बाई. आणि येताना माहेरनं आंदण म्हणून काय आणावं, तर एक तांबडी शेळी!

तांबडी. कानावर शिंतोडा नाही, अंगावर चकाकी नाही, आणि नजर अशी की जणू तीच आपल्याला विकत घ्यायला आली आहे. आत्यानं तिला वाडग्यात घेतलं नाही. धाकटीच्या बाजूला लिंबाच्या बुडाला तिचं दावं. आमचा बोकडही तिला लावू दिला नाही. मग माजावर आली की धाकटी तिला टेम्पोत घालून माहेरी न्यायची, तिच्या भावाच्या कळपात. तिकडं सगळी तसलीच तांबडी. आत्या मरताना माझा हात धरून म्हणाली, "रक्त पातळ होऊ देऊ नको." मी म्हटलं, "न्हाय होऊ देणार." आणि नंतर डोळ्यांत तेल घालून ते वचन पाळलं.

आता ही गोष्ट सुरू झाली तेव्हा वाडग्यात सतरा शेळ्या होत्या. वरनं बघितलं तर झकास. पण दोन-तीन वर्षं मला आतून काहीतरी खुपत होतं. जुळी होईनाशी झाली. शेळी माजावर यायची, बोकड लावला तरी एकवीस दिवसांनी पुन्हा ओरडायची. झालेली करडं हलकी, उंदरासारखी. एकाचा खालचा जबडा इतका आखूड की त्याला आईचं आचळ तोंडात धरता येईना. मी बाटलीनं दूध पाजलं, चार दिवसांनी तेही गेलं. मला वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. हे आपोआप होत नाही. कुणीतरी करतंय.

आणि भिंतीपलीकडं काय, तर तांबडीला तीन करडं. जन्मल्यावर तासाभरात उड्या. भिंतीवर चढायची, पत्र्यावर चढायची, एकदा तर आमच्या तुळशीत चढून मंजिऱ्या खाल्ल्या मेल्यांनी. आमची मरतात आणि हिची तुळस खातात! मला यापेक्षा पुरावा काय पाहिजे होता?

पाळत ठेवायला सुरुवात केली. फाटकाच्या आत राख पसरली, पाऊल उमटलं की कळावं. उमटलं. मी ते पाऊल झाकून ठेवलं, संध्याकाळी मालकांना दाखवलं. त्यांनी शांतपणे चप्पल काढून त्यावर ठेवली. त्यांचंच होतं. मग मी पाण्याच्या टाकीला झाकण करून कुलूप लावलं. पेंड चाखून बघितली. कडब्याच्या गंजीआड दुपारच्या दुपार बसून राहिले. धाकटी कधी उठते, तांबडीला काय घालते, कधी माकणीला नेते, कुठल्या बोकडाचं करडू झालं, त्यातलं कुठलं तिनं ठेवलं, कुठलं विकलं, सगळं मला तोंडपाठ. तिला स्वतःला एवढं आठवत नसेल.

ती कधी भिंतीवरून म्हणायची, "आक्का, काळी कशी छान दिसायलीय ओ आज." मला वाटायचं, दृष्ट लावते. ती कधी गप्प बसायची. मला वाटायचं, मनात काहीतरी आहे म्हणून गप्प आहे. ती काहीही करो, माझ्या मनात तिचा निकाल लागलेला होता.

तिसरं करडू गेलं त्याच दिवशी मी हापशावर बोलले. आठ-दहा बाया होत्या. धाकटी घागर भरत होती.

"आमची मरतात अन् तुझी नाचतात, हे कसं गं?"

तिला आधी कळलंच नाही. "काय झालं आक्का?"

"काय झालं मला विचारतेस? तुझी ती तांबडी आल्यापासनं आमच्या वाडग्याचं वाटोळं झालं. पायगुण वाईट आहे तिचा. रोगाचं घर हाय ती. घरात परकं आणलं की असंच होतं."

बायांनी माना खाली घातल्या. शेवटचं वाक्य मी शेळीबद्दल बोलले की तिच्याबद्दल, हे मला आज विचारलं तर मी खरं सांगेन. तिच्याबद्दल. धाकटीनं घागर अर्धीच भरली होती, तशीच उचलली आणि गेली. एक शब्द उलट बोलली नाही. उलट बोलली असती तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं, बघा, चोराच्या तोंडातनं शब्द फुटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडचं शेळीचं दूध कुणी घेईना. बाया पोरांना सांगायला लागल्या, तिकडं जाऊ नका. दीर मालकांशी भांडला, मालक माझ्याशी भांडले. "तू कशावरनं म्हणालीस?" मी म्हटलं, "मला माहीत आहे." महिन्याच्या आत ती दोघं पोराबाळांसकट माकणीला गेली. टेम्पोत सगळ्यात शेवटी तांबडी आणि तिचं लटांबळ चढलं. मी फाटकात उभी होते. सुटले, असं वाटलं मला. खरंच वाटलं.

मग मी वाट बघितली. आता करडं जगणार. आता जुळी होणार.

पुढच्या वेताला तीन करडं झाली. एक मेलेलंच आलं. एकाला डोळेच नव्हते, नुसती कातडी. तिसरं आठवड्यात गेलं. भिंतीपलीकडं कुलूप होतं. कडब्याच्या गंजीआड बसून बघायला कुणी नव्हतं. संशय घ्यायला माणूसच उरला नाही म्हटल्यावर मला जी भीती वाटली ती त्याआधी कधी वाटली नव्हती.

तेव्हा मी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. तरणी पोरगी, अंगात जर्किन, स्कूटीवर आली. मला वाटलं, ही काय सांगणार. तिनं शेळ्या बघितल्या, रक्त घेतलं, लेंड्या घेतल्या. चार दिवसांनी परत आली आणि म्हणाली, "काकू, विष न्हाय, जंत न्हाय, मोठा रोग न्हाय. मला सांगा, हा बोकड कुणाचा?"

"घरचाच."

"याचा बाप?"

"घरचाच."

"याची आई?"

"घरचीच. त्याच्या बापाचीच लेक ती."

तिनं एक काटकी घेतली आणि वाडग्यातल्या मातीत गोल आणि रेघा काढायला लागली. मी सांगत गेले, कोण कुणाचं. माझी आठवण चांगली आहे. पार आत्याच्या त्या पाच शेळ्यांपर्यंत नेलं मी तिला. शेवटी मातीत जे तयार झालं ते मी वाकून बघितलं. वर सगळीकडं पसरलेल्या रेघा खाली येऊन त्याच त्या बोकडात जात होत्या, पुन्हा पुन्हा.

ती उकिडवी बसली आणि मला समजावून सांगायला लागली. म्हणाली, प्रत्येक जीवात एखाद-दुसरी खोट दडलेली असते, तुमच्यात पण, माझ्यात पण. अंग कसं घडवायचं याची एक चिठ्ठी आईकडनं येते, एक बापाकडनं. एक चिठ्ठी चुकीची असली तरी दुसरी बरोबर असली की बहुतेक वेळा भागतं, खोट दिसतच नाही. मोठ्या कळपात, वेगवेगळ्या घरची जनावरं असली की दोन सारख्याच चुकीच्या चिठ्ठ्यांची गाठ पडणं अवघड. पण आई आणि बाप एकाच बोकडाची लेकरं असली तर? दोघांच्याकडं तीच चुकीची चिठ्ठी निघते. मग आखूड जबडा. मग डोळे न्हाय. मग गाभच धरत न्हाय.

"पण आम्ही तर सगळ्यात चांगलाच बोकड निवडतो," मी म्हटलं.

"दिसायला चांगला. आत काय दडलंय ते हात फिरवून कसं कळंल काकू? आणि त्या मरीत कळप पाचावर आला ना? मेलेल्या शेळ्यांबरोबर त्यांच्या चांगल्या चिठ्ठ्या पण गेल्या. पाचांत जे नव्हतं ते पुढं कुठनं येणार? कळप मोजायला सतरा, पण आतनं बघितलं तर दोन-तीन जनावरांएवढाच." मग तिनं काटकीनं सगळ्या गोलांभोवती एक रेघ ओढली. "अजून एक. सगळ्यांची अंगं आतनं सारखी झालीत. एखादा आजार आला तर एकीला जिथं धरंल तिथंच सगळ्यांना धरंल. वाचणारी वेगळी एखादी असायला लागते ना. कळप जेवढा लहान तेवढं हे वाढतं, आणि हे वाढलं की कळप अजून लहान होतो."

 माझ्या मनात काय आलं असेल? हिचं कुणाशी तरी साटंलोटं असणार. "म्हणजे बाहेरचा बोकड आणायचा. आणि कुणाकडनं आणायचा ते तुम्हीच सांगणार असाल."

ती हसली. "कुणाचाही आणा. फक्त तुमच्या रक्ताचा नको."

"आमच्यात माणसांत पण घरातलीच करतात," मी सहज म्हटलं. "मी आत्याच्या घरात दिलेली." ती काटकी मातीत तशीच धरून बसली. मला माझी दोन पोरं आठवली. एक तीन दिवसांचं होऊन गेलं, एक तेवढंही जगलं नाही. त्या दोन्ही वेळेला आत्या म्हणाली होती, कुणीतरी काहीतरी केलंय. मी काही विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पिशवी उचलली आणि त्या गेल्या.

मी त्यांचं ऐकलं का? लगेच नाही. आत्याचं वचन होतं. थंडीत गावातल्या शेरडांना खोकला आला. सगळ्यांच्याच खोकल्या, नाकं गळाली, आठ-दहा दिवसांनी बऱ्या झाल्या. माझ्या झाल्या नाहीत. इंजेक्शनं दिली, शेक दिला, ओव्याची धुरी दिली. तेरा गेल्या. बोकडही गेला. मालक खड्डे काढून थकले. चार पाटी उरल्या, पहिल्या माजावरच्या कोवळ्या शेळ्या. आत्याच्या पाचांपेक्षा एक कमी.

आता मला बाहेरचा बोकड पाहिजेच होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लांबच्या मोठ्या जातीचा नको, पोटातलं करडू मोठं झालं तर या लहान पाटी विताना अडतील. इकडच्याच जातीचा, पण दुसऱ्या रक्ताचा. सोपं वाटलं मला.

पहिला बघितला शेजारच्या वाडीत. काळाभोर, रुबाबदार. मी विचारलं, "कुठला?" बोकडाचा धनी छाती काढून म्हणाला, "वळखला न्हाय व्हय? तुमच्याच घरचा की!" दुसरा तेरमध्ये. "ह्याचा बाप तुमच्याकडनंच नेलावता आमच्या बापानं." तिसऱ्या ठिकाणी तर तिथल्या बाईनं मला ओवाळायचंच बाकी ठेवलं. मी कळंबच्या बाजारात गेले. तिथल्या व्यापाऱ्यानं शपथ घेतली, हा पार कर्नाटकातनं आणलाय. माझा विश्वास बसेना. मी त्याचा कान उलटा करून बघितला, पांढरे शिंतोडे. "खरं सांग," म्हटलं. तो वैतागून म्हणाला, "मावशी, लोक तेरकडचा म्हटलं की जास्त मागतात, आणि तुम्ही तेरकडचा नको म्हणताय?"

बया बया! ज्या गोष्टीचा मला अभिमान होता तीच जिथं जाईल तिथं माझ्या आधी जाऊन बसली होती. आणि जिथं लोक म्हणत होते की न्हाय, हा तुमच्या रक्ताचा न्हाय, तिथं माझा विश्वास बसत नव्हता. कशावरनं? त्याचा बाप तू बघितलास? आजा बघितलास? कुणीच बघितलेला नव्हता.

असा एकच कळप होता ज्याची तीन पिढ्यांची सगळी माहिती मला होती. कोण कुणाचं, कुठल्या बोकडाचं, कधी झालं. मी स्वतः इतकी वर्षं आधी भिंतीवरून, मग कडब्याआड बसून बघितलं होतं. त्या तांबडीत आमच्या घरचा एक थेंब नव्हता, कारण तो मीच जाऊ दिला नव्हता.

मालकांना सांगितलं, मी धाकटीकडं माकणीला जाते. "तोंड हाय का तुला जायला?" म्हणाले.

"न्हाय. पण पाटी माजावर यायला लागल्यात."

धाराशिवला गाडी बदलली, लोहाऱ्याला बदलली. सबंध वाटेत मी काय बोलायचं ते जुळवत होते. आधी तिच्या पोरांची चौकशी करायची. मग हळूच बोकडाचं काढायचं. तिनं नाही म्हटलं तर पाया पडायचं, मी थोरली असले तरी. तिनं हापशावरचं काढलं तर ऐकून घ्यायचं. तिनं बोकड दिला आणि मुद्दाम वाईट दिला तर? हेही मनात आलं. मी काय करू, माझं मनच तसं.

ती अंगणात तुरीच्या काड्या मोडत बसली होती. मला बघून उठली, पदर डोक्यावर घेतला, वाकली. "या आक्का." पाणी आणलं, चहा टाकला. घर धरणाच्या अंगाला, हवा चांगली. मी पाणी पितापिता अंगणभर नजर फिरवली.

बाभळीखाली सहा शेळ्या बांधल्या होत्या. काळ्या. चकचकीत. कानांवर पांढरे शिंतोडे. त्यांच्या कडेला एक काळा बोकड.

 ठरवलेलं सगळं विसरले. "तुझी तांबडी कुठं गं?"

"तांबडी?" ती कपात चहा ओतत होती. "ती दिली की आक्का, खाटकाला."

"अन् तिची पिल्लं? तिचा तो बोकड?"

"सगळी दिली. इथं आल्यावर म्हैन्याभरातच. तुम्ही म्हणाला होता ना पायगुण वाईट हाय, रोगाचं घर हाय. मला लई भ्या वाटलं. भावाच्या दारात आलेली मी. त्याच्या वाडग्यात काय झालं असतं तर कुठं जाणार होते? मग भावाला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, तेरकडची माणसं शेरडातली जाणती, ती म्हणत असतील तर खोटं नसंल. त्याची बी तसलीच व्हती ना, तांबडी. दोघांची एकाच टेम्पोत भरली."

"सगळी?"

"सगळी. मागं कशाला ठिवायची?" तिनं चहा माझ्या हातात दिला आणि बाभळीकडं बघून पहिल्यांदाच हसली. "मग वरीसभर थांबले अन् ह्या घेतल्या. मुद्दाम तुमच्या जातीच्या. बोकड बी तुमच्याच रक्ताचा, चार बाजार हिंडून खात्री करून आणला. चांगला हाय का बघा की. आता तर कुणी नाव ठिवणार न्हाय ना?"

मी सवयीनं तिच्या तोंडावर टोमणा शोधला. कुठंच नव्हता. तिला खरंच माझ्याकडनं ऐकायचं होतं, की बोकड चांगला आहे.

मग मी तिला सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांचं, पाच शेळ्यांचं, बिनडोळ्याच्या करडाचं, खोकल्याचं. चार पाटी उरल्या आहेत तेही. तिच्या तांबडीत काही वाईट नव्हतं, आमच्या सगळ्यांत जे उरलं नव्हतं तेच तिच्यात होतं, आणि तेवढ्यासाठीच मी आज आले, हेही सांगितलं.   ती चिडली असती, ओरडली असती, चहाचा कप फेकला असता, तरी मला चाललं असतं.

ती उठून बाभळीखाली गेली. एका शेळीच्या पोटावर हात ठेवून उभी राहिली. शेळी गाभण होती, चांगली दिवसांत आलेली.

"माझं काय चुकलं आक्का?" तिनं विचारलं.

"काय न्हाय," मी म्हटलं. "तू माझं खरं मानलंस, तेवढंच."